डाव्या हाताचं हायड्रॉलिक

देवाने सहा दिवसांत जग निर्माण केलं, याबद्दल आमच्या घरमालकांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की सातव्या दिवशी विश्रांती घेण्याऐवजी देवाने हातात पाना घेऊन सगळे नट-बोल्ट एकदा आवळून घ्यायला हवे होते. राहून गेलेलं ते काम त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं. रविवारी कोट घालून चर्चमध्ये मिस्साला जायचं, घरी येऊन तोच कोट खिळ्याला टांगायचा आणि कुठल्या तरी धडधाकट यंत्राचं पोट उघडून जेवणापर्यंत त्यात डोकं घालून बसायचं, हा त्यांचा धर्म होता. "कंपनी अर्धंच करून देते रे," ते मला सांगत. "बाकी अर्धं आपण करायचं असतं. तेवढी पण मेहनत नको, तर मशीन घेतलंस कशाला?"

ऐंशीनंतरची ती सुरुवातीची वर्षं. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत मला नोकरी लागली आणि गावठाणातल्या त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत मी आईला घेऊन राहायला गेलो. पहिल्याच दिवशी मोरीतला नळ जोर लावून उघडायला गेलो तर तो आणखी आवळला गेला. अंगाला साबण लागलेला, डोळे मिटलेले, आणि भिंतीपलीकडून आवाज आला, "उलटा फिरव, उलटा." आमचे घरमालक डावखुरे होते. नुसते जेवताना-लिहिताना डावखुरे असते तर प्रश्न नव्हता. पण जगातले सगळे नळ, कड्या, कुलपं आणि स्क्रू उजव्या हाताच्या लोकांनी आपसांत संगनमत करून बनवले आहेत, अशी त्यांची खात्री होती आणि निदान आपल्या कुंपणाच्या आत तरी हा अन्याय चालू द्यायचा नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. दाराची कडी उलट सरकायची. पंख्याचा रेग्युलेटर पाचावर ठेवला तर पंखा झोपी जायचा आणि एकावर ठेवला तर माझ्या आईच्या पोथीची पानं खोलीभर उडायची. महिन्याभरात आम्ही मायलेक सगळं उलटं करायला शिकलो. मग पंचाईत बाहेर होऊ लागली. पाहुण्यांच्या घरी हात धुवायला गेलो की मी नळ पिळत उभा.

यंत्राची नाडी ते स्क्रू ड्रायव्हरने बघत. टोक यंत्राला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून ऐकायचं. हे गॅरेजवाले सगळेच करतात, पण आमच्या घरमालकांना थांबावं कुठे ते कळत नसे. त्यांनी देवळातली बाजाची पेटी ऐकली, शेजारणीचं शिवणयंत्र ऐकलं, आणि एकदा माझी आई गुडघे धरून पायरीवर बसलेली पाहून तिच्या गुडघ्यालाही अलगद स्क्रू ड्रायव्हर टेकवला. "ग्रीस संपलंय," त्यांनी गंभीरपणे सांगितलं. दुसऱ्या दिवशी कुठून तरी कसलंसं औषधी तेल आणून दिलं आणि आईचे गुडघे खरोखर हलके झाले. आई त्यांना फार मानायची. म्हणायची, "देवान ह्येंचे हात उलटे बसयले, पण काळीज मात्र सुलटा बसयल्यान."

त्यांचं खरं प्रेम मात्र दोनच गोष्टींवर होतं. एक शेत आणि दुसरा ट्रॅक्टर. कारखान्यांच्या भिंतींच्या मागे त्यांचा भाताचा एक तुकडा उरला होता. बाकीचं कधीच शेड आणि गोदामांखाली गेलेलं. त्या तुकड्यासाठी त्यांनी एक बुटकासा ट्रॅक्टर घेतला होता, इतका लहान, की त्यावर ते बसले की गुडघे छातीशी यायचे. पण एका पावसाळ्यात पाटी उचलताना त्यांची कंबर धरली आणि डॉक्टरांनी फावडं आणि पाटी या दोन्हींना कायमची बंदी घातली. मजूर मिळेनात, कारण गावठाणातली सगळी तरणी पोरं आमच्या वसाहतीत पाळीवर जाऊ लागली होती. ट्रॉलीत भरलेलं खत आणि माती शेतात उतरवायची कोणी? त्यातच सफारी सूट घातलेला, जमिनी विकत घेणारा एक गृहस्थ अधूनमधून यायचा, कुंपणाशी उभा राहून शेताकडे बघायचा आणि आंटींनी दिलेला चहा पिऊन जायचा. आंटी म्हणजे घरमालकीणबाई. बोलायला फटकळ, पण नवऱ्याच्या पाठीची काळजी त्यांना मनापासून होती. एका संध्याकाळी त्यांनी ओट्यावर सर्वांसमक्ष निकाल दिला. "भाचीचं लग्न होईपर्यंत बघते. तवर तुझी ट्रॉली आपणहून रिकामी झाली, तर लाव शेत. नाय झाली, तर त्या सफारीवाल्याला हो म्हणून टाकायचं. मना तुझी कंबर पाहिजे, भात नको."

घरमालक उठून ट्रॅक्टरपाशी जाऊन बसले. त्या रात्री ते जेवलेही नाहीत असं आई म्हणाली. सकाळी मात्र ते कुर्ल्याच्या भंगारबाजारात गेले आणि दुपारी एक लोखंडी ठोकळा वर्तमानपत्रात गुंडाळून, तान्हं मूल आणावं तसा छातीशी धरून घेऊन आले.

तो हायड्रॉलिक व्हॉल्व्ह होता. ट्रॅक्टरच्या पोटात एक पंप असतो. तो तेल दाबतो आणि त्या जोरावर मागचा नांगर वर-खाली होतो. तेच तेल वाटेत अडवून मागच्या ट्रॉलीखालच्या जॅककडे वळवलं, की ट्रॉलीची पुढची बाजू वर उठते आणि माल घसरून खाली पडतो. तेल कुठे वळायचं ते ठरवणारा नळ म्हणजे हा व्हॉल्व्ह. मला हे माहीत असायचं कारण म्हणजे मी हायड्रॉलिकच्याच कारखान्यात फिटर होतो. दुसऱ्या कुणी या योगायोगाबद्दल देवाचे आभार मानले असते. घरमालकांच्या लेखी तो माझ्यातला दोष होता. "तू शिकलेला आहेस," ते मला म्हणाले, "तुला एकच रीत माहीत असणार. तू फक्त पाने दे."

मी पाने देत राहिलो. चिंचेखाली ट्रॅक्टर उभा करून त्यांनी व्हॉल्व्ह मागच्या बाजूला, सीटच्या डाव्या अंगाला बसवला. त्यासाठी मडगार्डला भोकं पाडली, पाइप वाकवले, वाकवलेले सरळ केले. पहिल्या चाचणीला गावठाणातली निम्मी माणसं जमली. घरमालकांनी क्रॉस केला आणि लिव्हर ढकलला. ट्रॉली जागची हलली नाही. ट्रॅक्टरमागचे नांगर उचलणारे दोन लोखंडी हात मात्र पाद्र्याने आशीर्वाद द्यावा तसे सावकाश वर झाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या चाचणीला एक जोड सुटला आणि तेलाची पिचकारी कुंपणापलीकडे वाळत घातलेल्या बोंबलांवर गेली. आंटी बाहेर आल्या, त्यांनी एक बोंबील उचलून वास घेतला आणि म्हणाल्या, "बरं झालं, तळताना वेगळं तेल नको."

तिसऱ्या वेळी मी पाने देता देता धीर करून बोललो, "अंकल, जॅकचे दोन्ही पाइप उलटे लागलेत. लिव्हर मागे ओढला की ट्रॉली वर जायला पाहिजे. तुमची पुढे ढकलल्यावर जाणार."

"उलटे कोणाला?"

"सगळ्यांनाच. सगळ्या ट्रॅक्टरांना तसंच असतं."

"हे माझ्या हाताचं आहे," ते शांतपणे म्हणाले. मग इंजिन चालू करून त्यांनी डाव्या हाताने लिव्हर पुढे ढकलला आणि ट्रॉली मांजराने आळस द्यावा तशी वर उठली. खाली आली, पुन्हा उठली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते त्यांनी तेलकट हातानेच पुसलं, त्यामुळे दिवसभर ते गालावर काळा पट्टा घेऊन हिंडत होते.

आंटींनी दारातूनच पाहिलं. "रिकामी तर माझी कोंबडी पण उचलेल. भरलेली उचलून दाखव."

आता भरायची कोणी? लग्नघरात ज्याला हात होते तो मांडवाच्या कामाला जुंपलेला, आणि मला घरमालकांनी फावड्याला हात लावू दिला नाही. "शेत माझं," एवढंच म्हणाले. बघता बघता लग्नाचा आदला दिवस आला. तो सफारीवाला लग्नाचं आमंत्रण नसताना भेटवस्तू घेऊन येऊन गेला होता. घरमालक हसत होते, पाहुण्यांना ग्लास भरून देत होते, पण मधेच कुंपणाशी जाऊन शेताकडे बघत उभे राहत होते.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बँड वाजवत विहिरीवर जायचं आणि नवरीच्या आंघोळीसाठी पाणी आणायचं, अशी त्यांच्यात रीत आहे. उंबराचं पाणी म्हणतात त्याला. विहीर होती शेताच्या टोकाला, आणि म्हाताऱ्या बायकांना तेवढं चालवेना, म्हणून ट्रॉलीत बाक टाकून त्यांना बसवलं. लुगडी नेसलेल्या, अंबाड्यात फुलं माळलेल्या बायका, मधोमध आंटी, आणि जागा उरली म्हणून मागेपुढे अख्खा बँड. घरमालक पुढे नाचत चालले, कारण कंबरेला फावड्याची बंदी होती, नाचाची नव्हती. ट्रॅक्टर चालवायला वसईहून आलेला आंटींचा धाकटा भाऊ बसला. तो घरचा शेतकरी, त्याचा स्वतःचा ट्रॅक्टर. ट्रॉली घरमालकांनी मुद्दाम वीतभर उचलून ठेवली होती. तेलावर बसलेल्या माणसाला धक्के लागत नाहीत, हा त्यांचा सिद्धांत.

विहिरीजवळ पेंढ्याची मोठी उडवी होती. बायकांना उतरायला मऊ पडेल म्हणून भावाने ट्रॉली बरोब्बर तिला पाठ लावून उभी केली, आणि मागची फळी उघडली गेली. वीतभर उचललेल्या ट्रॉलीतले बाक फळीचा आधार जाऊन मागे सरकायला लागले तशी आंटी ओरडल्या, "अरे, जरा खाली घे रे, घसरतो आम्ही." भावाने आज्ञेप्रमाणे लिव्हर पुढे ढकलला. वसईत पुढे म्हणजे खाली. ट्रॉली वर निघाली. "खाली, खाली," बायका म्हणू लागल्या. भावाला वाटलं आपला जोर कमी पडतोय, त्याने लिव्हर दोन्ही हातांनी दाबून धरला. जितकं वरून ओरडणं होई, तितका तो दाबे आणि तितकी ट्रॉली चढे. आधी झांजवाला गेला, मग ट्रम्पेटवाला, आणि मग एकमेकींना धरून, घाईगडबड न करता, सगळ्या बायका पेंढ्यात उतरल्या. बँडला कुणी थांबायला सांगितलं नव्हतं, त्यामुळे तो वाजतच खाली आला. शेवटी मोठा ढोल आला आणि त्याच्या मागून ढोलवाला.

कुणाला खरचटलंही नाही. पण बँड एकदाचा थांबला. घरमालक नाचता नाचता थांबले होते आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला वाटलं, शेत गेलं. आंटी पेंढ्यात बसल्या होत्या, अंबाड्यातलं फूल नाकावर आलेलं. त्यांनी मान वर करून पाहिलं. ट्रॉली उडवीच्या वर, आभाळात उभी होती आणि तिच्यात काडीही उरली नव्हती.  मग फूल जागेवर खोचून त्यांनी नवऱ्याला सांगितलं, "भरलेली होती." आणि थोड्या वेळाने, "लाव शेत."

बँड मग असा वाजला, की विमानतळापर्यंत ऐकू गेला असेल. त्या वर्षी भात लागलं, त्याच्या पुढच्या वर्षीही लागलं, आणि मी मुलुंडला स्वतःच्या खोलीत राहायला गेलो तरी दर दिवाळीआधी नव्या तांदळाची एक पिशवी घरी यायची. घेऊन यायचे ते स्वतः, कोट घालून. चहा होईपर्यंत ते आमच्या मिक्सरला स्क्रू ड्रायव्हर लावून ऐकत बसायचे.

एका वर्षी पिशवी आली नाही. मी गेलो तेव्हा त्यांना जाऊन आठवडा झाला होता. आंटी ओट्यावर काळ्या लुगड्यात बसल्या होत्या. रडून झालं, चहा झाला, मग म्हणाल्या, "जरा ट्रॉली वर कर रे. इंजिन बंद पडू देऊ नको म्हणायचा तो." मी चिंचेखाली गेलो, इंजिन चालू केलं आणि काहीही विचार न करता, डाव्या हाताने, लिव्हर पुढे ढकलला. ट्रॉली सावकाश उठली. आत साठलेला चिंचेचा पाला सगळा घसरून खाली पडला.

"तुझा हात पण त्याच्यासारखाच झाला," आंटी ओट्यावरून म्हणाल्या.

झाला आहे. मुलुंडच्या घरातले सगळे नळ सुलटे आहेत, आणि अजूनही डोळ्यांत साबण गेला की मी ते आवळत बसतो. पाणी येत नाही, आणि भिंतीपलीकडून कुणी ओरडतही नाही. अशा वेळी त्यांची फार आठवण येते.