पूजा झालेलं पिस्तूल

लाखनीत राईस मिल चालवताना मी लायसन काढून नव्या धर्तीचं पिस्तूल घेतलं. त्याचं अंग प्लास्टिकचं, नळी पोलादाची. दसऱ्याला ते विळ्या-कुऱ्हाडीशेजारी पूजेला मांडलं, तर आईनं उचलून बाजूला ठेवलं.

"पूजा लोखंडाची असते, बाबू. प्लास्टिकले कुंकू लावाचं, तं मोरीतल्या बादलीनं काय पाप केलं?"

मी चिडून पिस्तूल खोललं. आईनं नळीला तेवढं कुंकू लावलं, अक्षता टाकल्या आणि त्या झटकूही दिल्या नाहीत; पिस्तूल तसंच जोडून ठेवायला लावलं.

पुढच्याच आठवड्यात निवडणूक लागली. लायसनवाल्यांनी हत्यारं ठाण्यात जमा करायची होती. हवालदारानं माझं पिस्तूल तळहातावर तोललं आणि हसला.

"हे खेळणं कायले जमा करून राहिले, भाऊ? असली आणा."

मी लायसन दाखवलं, नंबर दाखवला. तो मानेना. माझं डोकं सणकलं. आतली पोलादी नळी दाखवायला रिकामं पिस्तूल मी त्याच्यासमोरच खोललं, तर कुंकवाचे चार तांदूळ त्याच्या रजिस्टरवर पडले.

हवालदार खुर्चीतून उठला. त्यानं बूट काढले आणि पिस्तुलाला हात जोडले.

"पूजलेलं हाय? मंग असलीच हाय. पहिलेच सांगाचं ना!"