सोनोग्राफीआधीचं पाणी

माझी डावी किडनी धाकट्या भावाच्या पोटात बसवून पाच महिने झाले होते. सगळं सुरळीत चाललेलं, आणि एकदम त्याची लघवी निम्म्यावर आली. अंगात कणकण, रक्ताचा रिपोर्ट वाईट. मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांत मला ना बसवत होतं ना उभं राहवत होतं. नुसती या खिडकीतून त्या खिडकीत. माझी वस्तू होती ना ती!

हॉस्पिटलातले तरुण डॉक्टर म्हणाले, शिरेतून डाय, म्हणजे रंगाचं औषध, टोचून एक्स-रे काढू, लख्ख दिसेल. मोठ्या डॉक्टरांनी मान हलवली. "किडनी आधीच आजारी आहे, डायनं आणखी बिघडेल. आधी सोनोग्राफी. लघवीची नळी तुंबली असेल तर ऑपरेशन, नसेल तर औषधं."

"अहो, पण ती तर गरोदर बायकांची करतात ना?" मी फटकन बोलले.

"ताई, गप ना गं!" भाऊ कानापर्यंत लाल.

आमच्या अख्ख्या सोसायटीत त्या मशीनचा अनुभव एकट्या खालच्या वहिनींना, तोही पोटुशी असतानाचा. त्यांनी मला बजावलं, "पोट टम्म होईस्तोवर पाणी पाजा, आणि काही झालं तरी लघवीला जाऊ देऊ नका." झालं! सकाळपासून मी संडासाच्या दाराशी पहारा दिला. घाटकोपरच्या सोनोग्राफी सेंटरला जाताना रिक्षात तो प्रत्येक खड्ड्याला कळवळत होता.

"ताई, जाऊन येतो ना गं."

"धर मुकाट्यानं! एक काम धड करू नकोस."

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पोटावर गार जेली लावून यंत्र फिरवलं. "किडनी फुगलीय. नळी तुंबल्यासारखी दिसते." लगेच मोठ्या डॉक्टरांना फोन. उद्या सकाळीच उघडायचं ठरलं. त्याला पुन्हा टाके, पुन्हा भूल, आणि अंगात इतकी कमी ताकद.

फोन ठेवून बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. तो पाय आवळून घामाघूम. "तुला लघवीला लागलीय का रे?"

"सकाळपासून. ताईनं जाऊ दिलं नाही."

बाई माझ्याकडे वळल्या. "अहो, तुंबलेल्या लघवीचा दाब मागे किडनीवर येतो. त्यानंसुद्धा ती फुगते. जा रे, आधी मोकळा होऊन ये."

तो आला, पुन्हा झोपला. फुगवटा गेला होता. माझ्या अडाणीपणापायी पोराचं पोट फाडलं असतं! मी तिथंच रडायला लागले. बाईंनी पुन्हा फोन लावला, बराच वेळ बोलल्या, मग हळू आवाजात म्हणाल्या, "ऑपरेशन रद्द. पण नळी मोकळी आहे, म्हणजे बहुतेक त्याचं अंग तुमची किडनी नाकारतंय. आजच इंजेक्शनं सुरू करतील. लागू पडतात का, ते चार दिवसांत कळेल."

पुढं ती लागू पडली. पण त्या दुपारी ते कुणाला ठाऊक होतं? बाहेरच्या बाकावर भाऊ शर्टाची बटणं लावत होता, एकेक चुकीच्या काजात.

"ताई, मी मुद्दाम नाही गं करत."

"मेल्या," मी त्याची बटणं लावत म्हटलं, "नाकारून तर बघ. दुसरीही काढून देईन."

"मग तू काय करशील?"

त्याचा विचार मी केलाच नव्हता.