वाघोजीची ताकद

बापूचा फोन आला तेव्हा मी पंचवटीत भाजीबाजारात मेथीची जुडी निवडत होतो. "पम्या गेला रे... अटॅक." "काहीही बोलू नकोस!" म्हणून मी त्यालाच झापलं. महिना झाला त्याला. पण मी रडगाणं गायला बसलेलो नाही. त्या येड्यानं आम्हाला दहा वर्षं जी धमाल दिली, ती सांगायचीय.

पम्या अंबडच्या एका कारखान्यात टर्नर. शहाण्णव साली परदेशातून आलेल्या एका साहेबाकडून त्यानं एका खेळाच्या पुस्तकाची झेरॉक्स मिळवली आणि सुट्टीच्या दुपारी मला नि नामपूरच्या बापूला खोलीवर बोलावलं. पट नाही, सोंगट्या नाहीत. पम्या गोष्ट सांगणार आणि आपण तिच्यात शिरून लढायचं! आधी आपला गडी घडवायचा. तीन फासे सहा वेळा टाकायचे. पहिली बेरीज ताकद, दुसरी अक्कल, पुढे बाकीचं. अदलाबदल नाही. "पडलं ते आपलं," पम्या दम द्यायचा. बापूला ताकदीत पाच पडले. "मग काय झालं? मना गडी फायटरच शे!" बापू त्याच्या अहिराणीत अडून बसला, आणि तो पाच ताकदीचा फायटर पळून पळून दहा वर्षं जगला, आहे का नाही कमाल!

मलाही फायटरच हवा होता, पण दणकट. सहा, सहा... आणि तीन. बापू झेरॉक्समध्ये डोकं घालून बसलेला, पम्या स्टोव्हवरचा चहा उतरवायला वळलेला, आणि माझं बोट तिसऱ्या फाशाला लागलं. लागलं कसलं, मी लावलं. "अठरा!" मी ओरडलो. पम्यानं फासे पाहिले, माझ्याकडे पाहिलं आणि वहीत लिहून घेतलं.

माझा गडी वाघोजी काय गाजला म्हणून सांगू! वार करताना मी डब्यातून एक ते वीसमधली चिठ्ठी काढायची. तिच्यात ताकदीचा फायदा मिळवून वार लागला की हुकला, ते पम्या वही बघून सांगायचा. "लागलाऽऽ!" म्हणताना तो स्वतःच उडी मारायचा. वाघोजीनं पुलावर एकट्यानं राक्षस लोळवला, तेव्हा आमचा गोंधळ ऐकून खालचे रिक्षावाले वर आले. "अठरा ताकद आहे, चेष्टा नाही!" मी त्यांना छाती फुगवून सांगितलं. पम्या नुसता हसला. कबूल करावं असं शंभरदा वाटलं. पण पम्यासमोर खोटं ठरायची लाज वाटायची... राहूनच गेलं.

गेल्या रविवारी पम्याच्या घरी वहिनींनी त्याचा बिस्किटांचा डबा माझ्या हातात ठेवला. "भाऊजी, हे तुमचंच." फासे, चिठ्ठ्या, वही. पहिल्याच पानावर पम्याचं अक्षर: 'वाघोजी. ताकद १५. गडी १८ म्हणतो. म्हणू दे.' म्हणजे चहा उतरवता उतरवता त्यानं सगळं पाहिलं होतं! मी भराभर पानं उलटली. प्रत्येक लढाईत त्यानं पंधराच धरले होते. राक्षसाच्या वेळीसुद्धा! म्हणजे माझा वाघोजी खऱ्या ताकदीवर जिंकला होता! अरे हरामखोरा, दहा वर्षं बोलला नाहीस? मी मोठ्यानं हसलो, मग रडलो... वहिनी घाबरून पाणी घेऊन आल्या.

ते फासे आता माझ्या टेबलावर आहेत. सहा, सहा, तीन. पुसायलासुद्धा मी कुणाला हात लावू देत नाही.