दसऱ्याला पुजलेला लॅपटॉप

दोन हजार आठचा दसरा कालच झाला, तरी ऊन सकाळीच भाजायला लागलं होतं. चांगोनं पहाटे भात कापलं, पाय धुतले नि शहापूरच्या बाजारात येऊन दुकान उघडलं. आधी टीव्ही दुरुस्त करायचा. पुढं कल्याणला जाऊन कॉम्प्युटर शिकून आलेला.

खडीच्या खाणीचा ठेकेदार अनिल, म्हणजे चांगोच्या चुलतबहिणीचा, समीक्षाचा नवरा, काखेत लॅपटॉप घेऊन आत आला. आधी पोटात लाथच घातली. मग केसांना धरून चांगोचं डोकं भिंतीवर आपटलं.

"गेल्या हप्त्यात नवी मेमरी टाकलीस ना रे? आज नुसता बीप बीप करतोय. जुनी गळ्यात मारलीस मेहुण्या?"

"नाय दाजी. खोलून बघू द्या."

तोंडातलं रक्त पुसत चांगोनं लॅपटॉप उलटा केला, खालचं झाकण काढलं. मेमरीच्या पट्टीवर, खाचेत ओलं कुंकू. एक अक्षतही. दसऱ्याला विळ्यापासून डंपरपर्यंत सगळ्याला पाणी शिंपडून कुंकू लावतात, तसा समीक्षानं घरात हाही पुजला होता. पाणी बटणांच्या फटीतून खाली उतरलं. वरून मात्र तिनं पुसून लख्ख केला होता.

होळीला चहा सांडला म्हणून अनिलनं तिचा हात मोडला होता.

अनिल वाकून बघायला लागला. चांगोनं झाकण पटकन वर टेकवलं.

"माझीच चूक, दाजी. पट्टी नीट बसली नव्हती."

"असं होय."

अनिलनं त्याला दारापर्यंत फरपटत नेलं, उजवा पंजा उंबऱ्यावर दाबून धरला नि शटर खाली खेचलं. दोन बोटं मोडली. चांगो गुरासारखा ओरडला. समोरच्या दुकानांतले लोक बघत राहिले.

"आता बसव."

पाठमोरा बसून, डाव्या हातानं, चांगोनं कुंकू टिपलं, पट्टीची टोकं खोडरबरानं घासली, ती शेजारच्या कोऱ्या खाचेत दाबली. पडदा उजळला.

"बघ," अनिल लॅपटॉप काखेत मारत म्हणाला, "मार पडला का सगळं चालतं. घरात पण तेच."

तो गेल्यावर चहावाला धाऊ धावत आला. "काय केलंस रे एवढं?"

"काय नाय. फडकं दे."

धाऊनं बोटं आवळून बांधली. डॉक्टरकडं चल म्हणाला, तर चांगो म्हणाला, जाऊ दुपारच्याला. मग त्यानं शाळेचा प्रिंटर पुढ्यात ओढला नि डाव्या हातानं स्क्रू काढायला लागला.