पाय धुवायचा तांब्या

आमच्या डोंगरावरच्या जुन्या गावात परदेशी विद्यार्थी पाहुणे येणार होते. वस्तीतला पहिला बी. ए. मीच, म्हणून त्यांना उतरवून घ्यायला इस्त्रीची बेलबॉटम घालून एसटीच्या थांब्यावर उभा होतो.

एसटीतून पाहुणे उतरले, तशी गर्दीतून एक अनोळखी म्हातारी पुढं आली. पदर खोचून तिनं पाय धुवायला पाण्याचा तांब्या एका पाहुणीपुढं धरला. पोरीनं तो सरळ तोंडाला लावला. लोक खो-खो हसले. पोरगी कानापर्यंत लाल झाली.

म्हातारीनं तांब्या घेतला, स्वतःही त्यातलेच दोन घोट प्याली अन् कडाडली, "दात काहून काढून राह्यले बे? तहानलेल्या लेकीले आंदी पानी प्याले देतेत, मंग पाय धुवाले. चुकलं माहं!"

मग वाकून उरलेलं पाणी तिनं त्या पोरीच्या पायांवर ओतलं.

म्हातारी कोण, कुठली, कळलं नाही. पण गावाबद्दल कोणी विचारलं, की मी जुन्या देवळाच्या आधी तिचंच सांगतो.