वाढदिवसाची चौकट

बरकतपुऱ्याहून येणारे आमचे सीनियर फारच कमी बोलत. कंपनीचं जुनं पोर्टल नव्या आवृत्तीत हलवायचं काम त्यांच्याकडे होतं. जुना एकेक भाग हलवताना ते स्क्रीनकडे बघून पुटपुटत, "चलो मियाँ, घर बदलना है."

आज कुणाचा वाढदिवस आहे हे सांगणारी चौकट मात्र नव्या पोर्टलवर चालेना. ती त्यांनीच बनवली होती.

"जाऊ द्या, काढून टाका," साहेब म्हणाले. सीनियरांनी ती काढली.

तेव्हापासून ज्याचा वाढदिवस असेल त्याच्या टेबलापाशी ते सकाळीच यायचे, हात मिळवायचे आणि निघून जायचे. मला आधी ते विचित्रच वाटायचं.

परवा त्यांनी नोकरी सोडली. त्यांचा वाढदिवस कधी असतो, हे आमच्यापैकी एकालाही सांगता येईना.