मशिनीवर राहिलेला पाय

आमच्या घरात माणसांपेक्षा शिवणाच्या मशिनी जास्त होत्या. माणसं आम्ही तिघं: अप्पा, माय आणि मी. मशिनी सहा. पाहुणा आला तर त्याच्यासाठी घोंगडं कुठं टाकायचं हा प्रश्न पडायचा, पण अप्पा एकही मशीन तसूभर सरकवू देत नसत. माय त्यांना सवती म्हणायची. दर अमावास्येला अप्पा तेलाची कुपी घेऊन बसले की ती ऐकवायची, "सवतींच्या डोक्याला तेल मिळायलंय, माझ्या डोक्याला कामून न्हाई?" मग अप्पा कुपी तिच्या केसांकडे नेल्यासारखं करायचे आणि ती लटक्या रागानं आत पळायची. हे आठवलं की मला आता हसू येत नाही.

आमचं गाव निर्ण्याच्या अलीकडं, तेव्हाच्या मोगलाईत, म्हणजे हैदराबाद संस्थानात. दारात कानडी, बाजारात उर्दू आणि चुलीपुढं मराठी, असा आमचा कारभार. घराणं शेतकऱ्यांचं. अप्पांचे थोरले भाऊ, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, ते शेत बघायचे आणि शेजारच्याच घरात राहायचे. अप्पांना नांगराचा मनापासून कंटाळा. तरुणपणी ते हैदराबादला पळून गेले, तिथं शेरवान्या शिवणाऱ्या एका उस्तादाच्या हाताखाली शिकले आणि परत येताना बैलगाडीत एक मशीन घालून घेऊन आले. सहातली ती पहिली, काळी, सोनेरी वेलबुट्टीची. अप्पा शिवायचे ते फक्त तिच्यावर.

बाकीच्या पाच त्यांच्याकडे आल्या त्या एका समजुतीमुळं. आमच्याकडं शिवणाऱ्या लोकांत असं मानायचे की शिवणारा मेला तरी त्याचा पाय मशिनीवर राहतो. अशी मशीन त्या घरात चालवायची नाही आणि घरात ठेवायचीही नाही. शिवेबाहेरच्या कुणी नेली तर सुटका, नाही तर ती गोठ्यात पडून गंजायची. लोक धजत नसत. अप्पा धजायचे. कुठं शिवणारा गेल्याचं कळलं की सुतकाचे दिवस होऊन गेल्यावर ते गाडी जुंपून निघायचे. हुमनाबादच्या एका दर्जीच्या बायकोनं बुरख्याआडून त्यांना सांगितलं होतं, "लेके जाव भाई, घर में रोती ये." एक कडगंचीहून आली. एक लहानशी, हातानं फिरवायची, एका बाळंतपणात गेलेल्या मास्तरीणबाईंची होती. तिला पायडलच नव्हतं, म्हणून तिच्यावर पाय राहतो की हात, यावर अप्पा आणि अण्णांचा एकदा चांगलाच वाद झाला होता.

"मेलेल्यांचं घरात आणतोस, पोरगी हाय घरात," अण्णा चिडायचे.

"राहू दे की त्येंचा पाय. मला तेवढीच मदत," अप्पा म्हणायचे.

पण मदत त्यांनी कधी घेतली नाही. त्या पाचांवर त्यांनी टाकासुद्धा घातला नाही. अमावास्येला पुसायचं, तेल द्यायचं, सुईजवळचा कापड दाबणारा लहान लोखंडी पाय वर उचलायचा आणि दोरा न ओवता प्रत्येक मशीन थोडी चालवायची. "उपाशी राहिली की जाम होती," ते सांगायचे. चालवताना मूळ मालकाशी बोलायचे. हुमनाबादच्या म्हाताऱ्या दर्जीला म्हणायचे, "चला चाचा, जरा पाय मोकळा करा." मास्तरीणबाईंच्या मशिनीपुढं मात्र ते गप्प असायचे, कारण परक्या बाईशी काय बोलणार. मला हे सगळं वेडेपणाचं वाटायचं आणि तरी मी ते बघायला रोज अमावास्या असावी असं म्हणायची.

सगळ्यात मोठा दिवस खंडेनवमीचा. गावातली माणसं कुऱ्हाडी, विळे, नांगराचे फाळ पुजायची. आमच्याकडं सहा मशिनी ओळीनं मांडलेल्या, प्रत्येकीला हळदकुंकू, झेंडूची माळ आणि पुरणाचा घास. घास अप्पा स्वतःच्या हातानं ठेवायचे. त्या दिवशी त्या मेलेल्या माणसांच्या घरचं कुणी ना कुणी यायचं, दारातूनच हात जोडायचं आणि न जेवता जायचं. चाचांची बायको दर साली यायची. आत कधी आली नाही.

मोगलाईच्या त्या शेवटच्या पावसाळ्यात सगळं विस्कटलं. हत्यारबंद टोळ्या गावोगाव फिरत होत्या. आज हे गाव जाळलं, उद्या ते लुटलं, असं ऐकू यायचं. त्यात कुणीतरी सांगितलं की टोळीवाले खाकी कपडे शिवायला मशिनी उचलून न्यायलेत. माणसं पळायच्या तयारीला लागली होती, बायका दागिने पोटाशी बांधत होत्या, आणि अप्पांना घोर मशिनींचा. सरहद्दीपलीकडं सोलापूरच्या बाजूला मायचे नातेवाईक होते, तिकडं जायचं ठरलं. गाडी एकच. अप्पा म्हणाले मशिनी घेऊ. मायचा बांध फुटला.

"मला आन पोरीला हितंच ठेवा, सवतींला न्या," ती म्हणाली. त्या दिवशी ती चेष्टा करत नव्हती.

अप्पा उठले आणि अंगणातल्या पेवाकडं गेले. जमिनीत खोल खणलेली, आत भली रुंद आणि तोंडाशी माणूस कसाबसा उतरेल एवढी अरुंद अशी ती धान्य ठेवायची जागा त्या साली रिकामी होती. सांगाड्यावरून मशिनी उतरवून त्यांनी त्यांना गाडीच्या आसाचं वंगण फासलं, मेणकापडात गुंडाळलं आणि आत दगडांवर मांडलं. भोवती आणि वर भुसकट ठासून भरलं. मग तोंडावर फरशी टाकून ती शेणमातीनं लिंपली. गोठ्यात कडब्याखाली लपवले ते नुसते लोखंडी सांगाडे. सगळं झाल्यावर त्यांनी पेवाच्या फरशीवर हात ठेवला, लेकराला झोपवल्यावर ठेवतात तसा. मायनं ते बघितलं आणि तोंड फिरवलं.

पलीकडं आम्ही एका गोठ्यात पावसाळा काढला. अप्पांना काम नव्हतं. पायांना सवय झालेली, म्हणून ते बसल्या जागी पाय हलवत राहायचे. पाऊस जोरात आला की एकच बोलायचे, "पेवात पाणी जायलंय का काय." मला त्यांचा राग यायचा. आमच्या अंगावर गळतं पाणी होतं, ते त्यांना दिसत नव्हतं.

मग फौज आली, मोगलाई संपली आणि माणसं परतू लागली. आम्ही गावात पोचलो तेव्हा नवरात्र बसलेलं होतं. अण्णांचं घर जळालेलं होतं. आमच्या घराची दारं गेली होती, भांडी गेली होती. पेवाची फरशी मात्र जशीच्या तशी होती, तिच्यावर गवत उगवलं होतं. अप्पा तिथंच बसून ओक्साबोक्शी रडले. एवढा आनंद झालेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

खंडेनवमी दोन दिवसांवर होती. दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांनी आणि अण्णांनी मिळून फरशी बाजूला केली. आतून आंबूस वास आला. पेव उघडलं की दिवसभर तसंच सोडायचं, मग कंदील सोडून बघायचा, कंदील जळत राहिला तरच माणूस उतरायचा, हे आमच्याकडं पोरासोरांनाही ठाऊक. पेवातली वाफ माणूस गिळते.

"उद्या उतरू," अण्णा म्हणाले.

"उद्या पूजा हाय. आज पुसाव्या लागतील, वंगण काढावं लागंल."

"वाफ बसली आसंल आत."

अप्पा हसले. "वाफ दाण्याची आसती. पेवात दाणाच न्हाई, वाफ कुठून यायलीय?"

खरंच, वाफेची भीती आम्ही सगळे धान्याच्याच पेवाशी जोडत आलो होतो. रिकाम्या पेवाला कोण कशाला घाबरतो? भुसकट कुणाच्या ध्यानातच आलं नाही. पावसाचं पाणी झिरपून ते तीन महिने आत कुजत होतं.

अप्पांनी कमरेला दोरसुद्धा बांधला नाही. काठावर हात टेकून ते आत उतरले. "हायेत, हायेत," एवढं ऐकू आलं. मग काहीच नाही. अण्णांनी दोनदा हाक मारली आणि ते आत उडी घ्यायला निघाले. मायनं त्यांचं धोतर दोन्ही हातांनी धरलं. "एक गेला. दुसरा मी न्हाई जाऊ द्यायची," ती ओरडत होती. कंदील सोडला, तो तोंडापासून हातभर खाली जाताच विझला. गावातली माणसं घोंगडी हलवून आत वारा घालत राहिली. मी त्या तोंडाशी बसून "अप्पा, वर या" म्हणत होते. अप्पांना वर काढलं तेव्हा उन्हं कलली होती. त्यांच्या हाताला वंगण लागलेलं होतं.

मशिनी अण्णांनीच नंतर बाहेर काढल्या. मेणकापड सोडून बघितलं तर आत गंजाचा ठिपका नव्हता. सोनेरी वेलबुट्टी लखलखत होती. मला वाटलं एकेक उचलून दगडावर आपटावी. खंडेनवमीला आम्ही सुतकात होतो, त्यांना हळदकुंकूही लागलं नाही. चाचांची बायको आली, दारात उभी राहिली आणि त्या वर्षी पहिल्यांदा आत येऊन मायजवळ बसली.

आता आमच्याही घरात मेलेल्याची मशीन होती. दिवस झाल्यावर कमठाण्याचा एक शिंपी गाडी घेऊन आला. अप्पांनी जे सगळ्यांसाठी केलं ते त्यांच्यासाठी कुणी करायला नको का, म्हणाला. अण्णांनी पाच मशिनी गाडीत चढवल्या. सवती चालल्या तशी माय पदर तोंडात कोंबून गाडीपर्यंत गेली आणि प्रत्येकीवरून हात फिरवला. शिंपी सहावीकडं, अप्पांच्या काळ्या मशिनीकडं वळला.

"ती न्हाई," माय म्हणाली.

"बाई, त्येचा पाय हाय तिच्यावर," अण्णा हळूच बोलले.

"व्हय. म्हणूनच न्हाई."

गाडी पाच मशिनी घेऊन गेली. संध्याकाळी मायनं ती मशीन सांगाड्यावर चढवून घेतली, वंगण पुसलं, तेल दिलं आणि चालवायला बसली. तिला शिवता येत नव्हतं. पुढं ती शिकली, त्यावरच तिनं मला वाढवलं. पण त्या पहिल्या संध्याकाळी ती बसली तशीच ती जन्मभर बसत राहिली: पायडलच्या अगदी डाव्या कडेला, पाय चोरून, अंग आखडून. उजवीकडची जागा तिनं कधी वापरली नाही. "नीट मधोमध पाय ठेव, कंबर धरंल तुझी," असं मी मोठी झाल्यावर कितीदा सांगितलं. ती म्हणायची, "त्येंनी कुठं ठेवावा मग?"